वैद्यकीय संशोधनाची ओळख शाळेत व्हावी, आणि ती खऱ्या आकड्यांतून व्हावी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शालान्त परीक्षांच्या निकालांच्या सुमारास वृत्तपत्रांत पुढील शिक्षणाच्या वाटांविषयी भरपूर मजकूर येतो आणि त्यात वैद्यकीय क्षेत्राला नेहमीच मोठी जागा मिळते. मात्र त्या मजकुरातून उभे राहणारे चित्र प्रवेशपरीक्षा, महाविद्यालय, पदवी आणि दवाखाना एवढ्यावरच थांबते. डॉक्टर जे औषध लिहून देतात ते त्या आजारावर खरोखर चालते हे कोणी ठरवले, कशाच्या आधारे ठरवले आणि ठरवणाऱ्या माणसांचे शिक्षण कोणते होते, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. मी जैवसंख्याशास्त्रज्ञ आहे. औषधचाचणी आखताना किती रुग्ण लागतील, त्यांची गटांत विभागणी कशी करावी, हाती आलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे पाहणे हे माझे काम. असा काही व्यवसाय असतो, हे मला गणिताची पदवी जवळजवळ हातात पडेपर्यंत ठाऊक नव्हते. माझ्या बहुतेक सहकाऱ्यांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. कोणी योगायोगाने या क्षेत्रात आले, कोणी दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून आले. विद्यार्थ्यांना ही ओळख नववी ते बारावीच्या वयातच करून द्यावी आणि ती थोरांच्या चरित्रांवर किंवा एका दिवसाच्या प्रयोगशाळा-भेटीवर न भागवता खऱ्या प्रश्नांतून आणि खऱ्या आकड्यांतून करून द्यावी, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

याच वयाचा आग्रह धरण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. या टप्प्यावर विषय सुटतात. ज्यांना जीवशास्त्र हवे असते ते गणित सोडतात, ज्यांना गणित हवे असते ते जीवशास्त्राला रामराम ठोकतात, आणि ज्यांना भाषा किंवा समाजशास्त्र आवडते ते दोन्हींपासून सुटल्याचा आनंद मानतात. वैद्यकीय संशोधनाला मात्र नेमकी या विषयांच्या सीमेवर उभी राहणारी माणसे लागतात. पुढे पंचविशीत पोहोचल्यावर सुटलेला विषय पुन्हा धरणे अशक्य नसले तरी फार कष्टाचे असते. पंधराव्या वर्षी कोणी नुसते सांगितले असते तरी यांतील काही जणांनी वेगळी निवड केली असती, असे मला वाटते.

मुलांच्या मनात डॉक्टर आणि वैद्यकीय संशोधक या दोन भूमिका एकमेकींत मिसळलेल्या असतात. डॉक्टरचे उत्तरदायित्व समोर बसलेल्या रुग्णाशी असते आणि त्याला आज, उपलब्ध ज्ञानाच्या आधारे, निर्णय घ्यावा लागतो. संशोधक त्या उपलब्ध ज्ञानाबद्दलच शंका घेतो. त्याचा प्रश्न पुढच्या हजारो रुग्णांविषयीचा असतो आणि उत्तर मिळायला वर्षे लागली तरी त्याला घाई करून चालत नाही. काही माणसे ही दोन्ही कामे करतात, पण दोन्हींसाठी लागणारा स्वभाव एकच असतो असे नाही. रक्त पाहून घेरी येणारा मुलगा उत्तम औषधशास्त्रज्ञ होऊ शकतो, आणि रुग्णांशी बोलण्यात रमणारी मुलगी चाचणीची समन्वयक म्हणून अशी माहिती मिळवू शकते जी यंत्रांना मिळत नाही.

या क्षेत्रात किती प्रकारचे हात लागतात हे सांगायला मी नेहमी इन्सुलिनचा इतिहास वापरते. 1869 मध्ये बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात पेशींचे वेगळे दिसणारे पुंजके पाहिले आणि आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. त्या पेशी करतात काय, हे मात्र त्याला सांगता आले नाही. 1889 मध्ये योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला, आणि या अवयवाचा त्या आजाराशी असलेला संबंध उघड झाला. तेथून टोरांटोपर्यंत पोहोचायला आणखी तीन दशके गेली. 1921 मध्ये फ्रेडरिक बँटिंग या शल्यचिकित्सकाने तेथे स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग सुरू केले ते जॉन मॅक्लिऑड या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाच्या विभागात. बँटिंगच्या हाताखाली चार्ल्स बेस्ट हा नुकताच पदवीधर झालेला बावीस वर्षांचा तरुण रक्तातील साखर मोजत होता. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला त्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि ते जवळपास फसले. साखर थोडीशीच उतरली आणि इंजेक्शनच्या जागी गळू झाले, कारण अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध करण्याची रीत शोधली, त्याच महिन्याच्या 23 तारखेपासून नव्या अर्काची इंजेक्शने सुरू झाली आणि मुलगा सावरला. तो पुढे आणखी तेरा वर्षे जगला. 1923 चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंगने आपल्या रकमेतील अर्धा वाटा बेस्टला आणि मॅक्लिऑडने कॉलिपला दिला. हा शोध कोणाचा, असे वर्गाला विचारावे. पाठ्यपुस्तकातील एका ओळीत एकच नाव मावते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकावर बसणारा, शस्त्रक्रिया करणारा, साखर मोजणारा आणि गाळणी-शुद्धीकरणात डोके घालणारा अशी वेगवेगळी कामे होती हे मुलांच्या लक्षातच येत नाही. लिओनार्ड त्यांच्याच वयाचा होता, हे त्यांना न सांगताही जाणवते.

पण इतिहास सांगणे हे शेवटी सांगणेच असते. वर्गात संशोधनच करून पाहता येईल असा एक तास मी शाळांमध्ये घेत आले आहे आणि त्याला ना प्रयोगशाळा लागते ना यंत्र. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची केलेली चाचणी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. फुप्फुसांच्या तीव्र क्षयाचे 107 तरुण रुग्ण तीत होते. 55 जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, 52 जणांना त्या काळचा प्रचलित उपचार, म्हणजे केवळ विश्रांती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील 4 आणि दुसऱ्या गटातील 14 रुग्ण दगावले होते. मी फळ्यावर प्रथम हे चार आकडे लिहिते, आजाराचे आणि औषधाचे नाव मुद्दाम सांगत नाही, आणि विचारते की हा फरक उपचारामुळे पडला की नुसत्या योगायोगाने. मुले लगेच उपचाराच्या बाजूने कौल देतात. मग त्यांना 107 चिठ्ठ्या करायला सांगते, त्यांतील 18 चिठ्ठ्यांवर फुली मारायची, कारण एकूण मृत्यू 18 होते. चिठ्ठ्या मिसळून डोळे मिटून 55 काढायच्या आणि फुल्या मोजायच्या. उपचाराचा काहीच परिणाम नसता तर मृत्यू दोन गटांत कसे वाटले गेले असते, याची ही नक्कल असते. फुल्या बहुधा नऊच्या आसपास निघतात, कधी सात, कधी अकरा. चार किंवा त्याहून कमी निघणे इतके दुर्मिळ असते की शंभर फेऱ्यांत तसे जेमतेम एखाद्या वेळी घडावे. ज्या कल्पनेवर आज जगातील औषधांना मान्यता मिळते ती कल्पना मुलांनी तोपर्यंत एकही सूत्र न वापरता स्वतःच्या हाताने तपासलेली असते.

खरा रंग त्यानंतर भरतो. कोणीतरी हमखास हात वर करून विचारते की 52 जणांना औषध का दिले नाही, हा अन्याय नाही का. या प्रश्नाची मी वाटच पाहत असते. औषधाचा साठा त्या वेळी इतका अपुरा होता की सर्वांना देणे शक्य नव्हते, आणि ते चालते की नाही हेही कोणाला खात्रीने ठाऊक नव्हते. अशा स्थितीत कोणाला द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा यदृच्छ, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, आकड्यांवर सोपवणे अधिक न्याय्य, असा युक्तिवाद होता. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे बंद पाकिटात ठेवले होते, जेणेकरून बरा होण्याची अधिक शक्यता असलेला रुग्ण कळत-नकळत औषधाच्या गटात ढकलला जाऊ नये. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांना ते चित्र कोणत्या गटातील रुग्णाचे आहे हे सांगितलेले नव्हते. त्याच वेळी हेही सांगावे लागते की तुलनेच्या गटातील रुग्णांना आपण चाचणीत आहोत याची कल्पना दिली गेली नव्हती, आणि आजच्या नियमांनुसार असे करता येणार नाही. यावर वर्गात जो वाद पेटतो तो मी मध्येच थांबवत नाही. घंटा झाली तरी मुले उठत नाहीत.

तासाचा शेवट गोड नसतो. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध मिळालेल्या 55 पैकी 32 आणि न मिळालेल्या 52 पैकी 35 रुग्ण दगावलेले होते. सुरुवातीचा मोठा फरक बराचसा विरला होता. क्षयाच्या जंतूंनी औषधाला दाद देणे बंद केले होते. यातूनच दोन औषधे एकत्र देऊन जंतूंचा हा प्रतिकार रोखण्याच्या चाचण्या पुढे आल्या आणि क्षयावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रूढ झाली. उत्तर मिळाले की ते पुन्हा तपासावे लागते, हे विधान मुलांना शंभरदा सांगून जितके पटत नाही तितके या दोन आकड्यांनी पटते. आणि हो, या चाचणीची संख्याशास्त्रीय आखणी करणारे ऑस्टिन ब्रॅडफोर्ड हिल हे डॉक्टर नव्हते. त्यांना वैद्यकशास्त्र शिकायचे होते, पण पहिल्या महायुद्धात त्यांना स्वतःलाच क्षय जडला, अंथरुणावर असताना त्यांनी पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि नंतर संख्याशास्त्राकडे वळले. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे सर्व संपले असे मानणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

नवे औषध शोधणे म्हणजेच संशोधन, हाही समज याच पद्धतीने दूर करता येतो. 1956 मध्ये मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचे केंद्र सुरू झाले. तेथील संशोधकांपुढे नवे औषध नव्हतेच. असलेली औषधे आरोग्यधामात राहून घेतली काय आणि घरी राहून घेतली काय, फरक पडतो का, हा त्यांचा प्रश्न होता. घरी आहार कमी पडतो, विश्रांती मिळत नाही, कुटुंबीयांना लागण होईल, असे तेव्हा तज्ज्ञांनाही वाटत होते. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते वेगळेच निघाले: घरी उपचार घेणारे रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण होण्याचे प्रमाण वाढले नाही. जगभरातील आरोग्यधामे रिकामी होण्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. घरोघर जाऊन गोळ्या घेतल्या की नाही हे पाहणारे आरोग्यसेवक नसते तर ही चाचणी झालीच नसती, पण शोधनिबंधावर त्यांची नावे शोधू नयेत.

जलसंजीवनीची, म्हणजे जुलाबात तोंडाने द्यायच्या मीठ-साखरेच्या द्रावणाची, कथाही अशीच साखळीची आहे. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून पटकीचे (कॉलऱ्याचे) विष दाखवून दिले, दुसरीकडे शरीरक्रियाशास्त्रज्ञांना आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात हे उमगले, ढाक्यातील संशोधकांनी 1968 मध्ये तोंडावाटे दिलेले द्रावण पटकीत उपयोगी पडते हे दाखवले, आणि 1971 मध्ये दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून देण्याचे द्रावण संपत आल्यावर तेच द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडाने पाजले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. सशाचे आतडे आणि निर्वासितांची छावणी यांना जोडणारा हा धागा एका तासात उलगडून दाखवता येतो.

आता प्रयोगशाळा-भेटींविषयी थोडे स्पष्ट लिहिते. शाळेची बस संस्थेपुढे उभी राहते, मुलांना उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर दाखवतात, कोणीतरी मोठ्या यंत्राचे नाव सांगते, गटाचे छायाचित्र निघते आणि बस परत जाते. यात वाईट काही नाही, पण मुलांनी पाहिलेली गोष्ट म्हणजे इमारत. त्याऐवजी त्यांना एखाद्या तंत्रज्ञाची नोंदवही दाखवावी. एकच नमुना तीनदा का मोजला, एका नळीत मुद्दाम काहीच का घातले नाही, पिपेट दर ठरावीक काळाने का तपासावे लागते, एका दिवसाच्या पानावर आडवी रेघ मारून ‘वाया’ असे का लिहिले आहे, हे त्या तंत्रज्ञानेच सांगावे. नोंदींची छाननी करणाऱ्याकडेही न्यावे. त्याच्या संगणकात 645 किलो वजनाचा रुग्ण सापडतो, कारण कोणीतरी 64.5 मधील टिंब विसरलेले असते, आणि चाचणीत दाखल झाल्यानंतर जन्मलेला रुग्णही सापडतो. मुले हसतात, आणि मग अशी चूक नजरेतून सुटली असती तर निष्कर्षाचे काय झाले असते हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो.

कोणकोणत्या शिक्षणातून या क्षेत्रात येता येते, याची यादी देण्याचा मोह मी टाळते, कारण यादी देताच मुले त्यात पगाराचा रकाना शोधू लागतात. तरी काही नावे घेतलीच पाहिजेत. प्राण्यांवरील प्रयोग नियमानुसार आणि कमीत कमी वेदनेने होतात की नाही हे पाहायला पशुवैद्यक लागतो. कृत्रिम सांध्याचे किंवा हृदयाच्या झडपेचे आयुष्य मोजायला यंत्र अभियंता लागतो. जनुकांच्या अक्षरमाळा जुळवायला संगणकशास्त्राचा जाणकार लागतो, साथ कोठून कोठे सरकते हे नकाशावर मांडायला भूगोलाचा अभ्यासक चालतो, आणि लोक लस का टाळतात हे समजून घ्यायला समाजशास्त्रज्ञ लागतो. संमतिपत्र असे लिहावे लागते की सही करणाऱ्याला आपण कशाला होकार देत आहोत, कधीही बाहेर पडू शकतो का, त्रास झाला तर काय, हे खरोखर कळावे. हे काम भाषेवर हुकमत असलेल्या माणसाचे आहे आणि ते चांगले करणारे फार थोडे आहेत. संशोधन-प्रस्ताव तपासणाऱ्या नैतिकता समित्यांमध्ये विज्ञानाबाहेरील सदस्य घेतले जातात तेही याचसाठी. मलेरियावरील आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी 2015 मध्ये नोबेल मिळालेल्या तू योयो यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती आणि डॉक्टरेटही नव्हती. त्यांचे शिक्षण औषधनिर्माणशास्त्रातील होते.

फ्रान्सिस केल्सी यांचे काम तर शोध न लावण्याचे, अडवण्याचे होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत त्या 1960 मध्ये रुजू झाल्या आणि थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज त्यांच्याकडे आला. युरोपात ते सर्रास विकले जात होते, कंपनीचा तगादा होता, तरी सुरक्षिततेचा पुरावा अपुरा आहे असे सांगून त्या अधिक माहिती मागत राहिल्या. गरोदरपणात ते औषध घेतलेल्या स्त्रियांची हजारो बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली हे 1961 च्या अखेरीस उघडकीला आले, तेव्हा अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळालेली नव्हती. अर्ज वाचून नीट प्रश्न विचारणे हीसुद्धा संशोधनातील कारकीर्द असते, हे शाळेत कोण सांगते?

ओळख करून द्यायची तर अडचणींसह करून द्यावी. माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी साधारण एकच मान्यतेपर्यंत जाते, आणि कल्पनेपासून औषधापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांहून अधिक असतो. अनेक संशोधकांच्या उमेदीच्या काळातील नेमणुका दोन-तीन वर्षांच्या करारावर असतात आणि अनुदान आटले की काम थांबते. कोविडच्या काही लसी ज्यावर आधारलेल्या आहेत त्या संदेशवाहक आरएनएवर काम करणाऱ्या कातालिन कारिको यांना वर्षानुवर्षे अनुदान नाकारले गेले आणि त्यांचा हुद्दाही खाली आणला गेला. ड्रू वाइसमन यांच्याबरोबरचा त्यांचा महत्त्वाचा निबंध 2005 चा, आणि नोबेल 2023 चे. ही कथा यशाची म्हणून सांगितली जाते, पण मधल्या काळात त्यांच्यासारख्याच चिकाटीने काम करून काहीच हाती न लागलेल्या माणसांची संख्या मोठी असते, आणि प्रामाणिक शिक्षकाने तेही सांगावे. पोटातील व्रणांमागचा जिवाणू शोधणारे बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये जिवाणूंचे मिश्रण स्वतःच पिऊन पाहिले, हा प्रसंग मुलांना फार आवडतो. मला त्याआधीचा प्रसंग अधिक सांगावासा वाटतो. जिवाणू वाढवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसत होते, कारण ज्या बशांत ते वाढवले जात त्या दोन दिवसांनी टाकून दिल्या जात. 1982 मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे काही बशा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत वाढ दिसली. तो सावकाश वाढणारा जिवाणू होता, इतकेच. स्वतःवर प्रयोग करण्याचे धाडस मात्र विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून मुळीच ठेवू नये.

याला जोडूनच सुरक्षिततेचा मुद्दा येतो. विज्ञान प्रदर्शनासाठी हातावरील किंवा दाराच्या मुठीवरील जंतू घरी वाढवण्याचे प्रयोग सर्रास होतात. त्या बशीत काय वाढेल हे आधी सांगता येत नाही, त्यात रोगजंतूही असू शकतात, म्हणून असे प्रयोग जाणकारांच्या देखरेखीखाली, बशी बंद ठेवून आणि शेवटी निर्जंतुक करूनच व्हावेत. वर्गमित्रांची उंची, वजन, झोप किंवा मनःस्थिती यांची पाहणी निरुपद्रवी भासते, पण एखाद्या मुलीचे वजन फलकावर लागले तर तिच्या दृष्टीने ती निरुपद्रवी राहत नाही. पालकांची परवानगी आणि खुद्द मुलाचा होकार, नावांऐवजी क्रमांक, आणि नको वाटल्यास बाहेर पडण्याची मोकळीक या गोष्टी शाळेच्या प्रकल्पातही पाळता येतात. अमेरिकेत टस्किगी येथे 1932 ते 1972 या काळात उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ आजाराची वाटचाल पाहण्यासाठी उपचाराविना ठेवले गेले. हा प्रकार दहावीच्या मुलांना सांगू नये असे काही शिक्षकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्यांना या क्षेत्रात बोलवायचे त्यांच्यापासून क्षेत्राचे पाप लपवणे योग्य नव्हे.

अलीकडे शालेय विद्यार्थ्यांना शुल्क घेऊन ‘संशोधन’ करवून देणारे आणि काही आठवड्यांत त्यांच्या नावावर निबंध छापून देण्याची हमी देणारे कार्यक्रम निघाले आहेत. परदेशी प्रवेशासाठी ते उपयोगी पडतात म्हणे. प्रश्न विचारण्याआधीच उत्तर छापून येण्याची हमी मिळत असेल तर ते संशोधन नाही, आणि जे मूल त्यातून जाते ते या व्यवसायातील सर्वांत वाईट सवय सर्वांत आधी शिकते. पालकांनी अशा ठिकाणी पैसे घालण्याआधी एवढेच विचारावे की प्रयोग फसला तर काय होणार.

मग शाळेने करावे काय? मोठा खर्च लागत नाही. औषधचाचण्यांच्या नोंदी, शोधनिबंधांचे सारांश आणि प्रथिनांच्या रचना आज इंटरनेटवर विनामूल्य खुल्या आहेत. महिन्यातून एकदा जीवशास्त्र आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून एक निबंध घ्यावा, त्यातील एकच तक्ता मुलांपुढे ठेवावा आणि त्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही यावर तासभर बोलू द्यावे. शिक्षकाला सर्व उत्तरे येण्याची गरज नाही, पण त्याला विचारायला कोणीतरी हवे. म्हणून प्रत्येक संशोधन संस्थेने आसपासच्या काही शाळा वाटून घ्याव्यात आणि नामवंतांना व्याख्यानाला पाठवण्याऐवजी एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी, तंत्रज्ञ किंवा समन्वयक वर्षभर त्याच वर्गाकडे पाठवावा. असे शिकवणे संशोधकाच्या मूल्यमापनात मोजले जात नाही तोवर हे काम उत्साही मंडळींच्या सवडीवरच चालेल, हेही खरे. आणि ज्या मुलांना संशोधनात जायचे नाही त्यांचे काय, असा आक्षेप मला शिक्षकांकडून ऐकावा लागतो. त्यांपैकी बहुतेक जण आयुष्यात कधी ना कधी रुग्ण होतील, कोणाला चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा होईल, आणि सगळ्यांच्याच भ्रमणध्वनीवर रामबाण उपायांचे संदेश येत राहतील. ‘किती जणांपैकी?’ आणि ‘कोणाच्या तुलनेत?’ हे दोन प्रश्न त्यांच्या तोंडी बसले तर तो तास वाया गेला असे म्हणता येणार नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. नव्या औषधाची किंवा लसीची बातमी छापताना तिच्या खाली दोन ओळींची चौकट द्यावी: अभ्यास माणसांवर झाला की प्राण्यांवर की पेशींवर, प्रत्येक गटात किती जण होते, तुलना कशाशी होती, आणि परिणाम टक्क्यांबरोबरच प्रत्यक्ष संख्येत किती होता. बातमीदाराला ही माहिती मूळ निबंधाच्या सारांशातच सहसा मिळते. अशी चौकट असलेली बातमी शिक्षकाला कापून दुसऱ्या दिवशी वर्गात नेता येईल, आणि चिठ्ठ्यांसाठी वहीची पाने फाडायला मुले तयारच असतात.

कळावे,

आपली विश्वासू,
एक जैवसंख्याशास्त्रज्ञ